घाटाखालीं

खोपोलीस कोणी जात नाहीं, खोपोलीवरून जातात. पुण्याहून मुंबईकडे निघालेला मनुष्य खंडाळ्याच्या कड्यावरून क्षणभर खालीं पाहतो. दरीच्या तळाशीं त्याला एक गांव, कांहीं धुराडीं आणि डोंगर उतरत आलेले लांबच लांब लोखंडी नळ दिसतात. ‘ती पाहा खोपोली’ असें तो शेजाऱ्यास सांगतो आणि पुन्हां हातांतल्या मोबाइलांत डोकें घालतो. अशा गांवीं एक उतारवयाला लागलेलें जोडपें केवळ सहलीसाठीं दोन दिवस राहावयास जातें, ही गोष्ट आमच्या स्नेह्यांस पटण्यासारखी नव्हती. एकानें तेथें कोणी आप्त आजारी आहे काय म्हणून चौकशी केली. दुसऱ्यानें आम्ही जमिनीचा तुकडा पाहण्यास चाललों आहों असा तर्क करून, भाव काय चालला आहे तें परत आल्यावर कळविण्याची विनंति केली. तिसरे आमचे जुने सहाध्यापक. त्यांनीं मोठ्या कळवळ्यानें सुचविलें कीं, कर्जतपर्यंत जाणारच आहां तर माथेरानास जा. तेथें शार्लट तलाव आहे, झाडी आहे, मोटारींचा उपद्रव नाहीं, आणि पत्नीस घेऊन जाण्यास तें स्थळ सर्वमान्य आहे.

माथेरानाविरुद्ध आमची कांहीं तक्रार नाहीं. परंतु सर्वमान्य स्थळीं गेलेल्या माणसावर आनंदित होण्याची एक सक्ती असते. परत आल्यावर ‘कसें काय झालें?’ या प्रश्नास ‘फारच छान’ याखेरीज दुसरें उत्तर देतां येत नाहीं. खोलीचे आणि घोड्याचे पैसे मोजलेले असल्यामुळें दोघांनीं एकमेकांस प्रसन्न मुद्रा दाखवीत हिंडावें लागतें. खोपोली अशी कोणतीच अपेक्षा करीत नाहीं. शिवाय या खेपेस आम्हां उभयतांस मौजेपेक्षां निवांत बोलण्याला जागा हवी होती.

गोष्ट अशी होती. आमचे चिरंजीव गेलीं आठ वर्षें कॅनडांत आहेत. गणपतीच्या सुमारास त्यांनीं लिहिलें कीं, बाबा उन्हाळ्यांत सेवानिवृत्त होतील; त्यानंतर पुण्याचें घर विकून दोघांनींही आपल्याकडे येऊन राहावें, आणि काय तें दिवाळीपूर्वीं ठरवून कळवावें. पत्र प्रेमाचें होतें आणि व्यवहाराचेंही होतें. घराची किंमत, दवाखान्यांची सोय, थंडीचे कपडे, सर्व कांहीं त्यांत होतें. आम्हीं तें दोनदां वाचलें, सौभाग्यवतींनीं तीनदां वाचलें, आणि पुढें महिनाभर त्याविषयीं घरांत एक अक्षरही निघालें नाहीं. तीस वर्षांच्या संसारांत प्रत्येक घटकेचें बोलणें ठरून गेलेलें असतें. सकाळीं दूध आणि वर्तमानपत्र, जेवतांना प्रकृति, रात्रीं दारें-खिडक्या. एवढा मोठा प्रश्न या वेळापत्रकांत नेमका कोठें बसवावा हें कळत नाहीं. कोजागरीला चार दिवस उरले असतां सौभाग्यवतीच म्हणाल्या, “अहो, खोपोलीला जाऊं या का? माहेरीं जातांयेतांना तीस वर्षें वरून बघतें आहें. एकदां खालीं उतरून बघूं.”

शरदाविषयीं संस्कृत कवींनीं जें लिहून ठेविलें आहे तें खोपोलीस लागू करूं जाणारानें छत्री बरोबर ठेवावी, आणि ती उन्हासाठीं. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारां’त शरदाला एक अख्खा सर्ग मिळाला आहे, पण आमच्या कोंकणांतलें आश्विनाचें ऊन कविकुलगुरूंच्या अंगाला लागलेलें दिसत नाहीं. लोणावळ्यास वारा गार होता. मंकी हिल मागें पडून गाडी बोगद्यांतून उतरूं लागली, तशी दर बोगद्यागणिक हवा दाट होत गेली. डोळ्यांस मात्र तें ऊन सुखाचें. पाऊस नुकताच गेलेला, हवेंत धुळीचा कण नाहीं, डोंगरांच्या कडा चाकूनें कापल्यासारख्या, धबधबे बारीक होत होत सुताएवढे उरलेले, आणि रुळांच्या कडेनें सोनकीचीं पिवळीं फुलें.

या प्रवासांत एक गंमत आहे. घाटांत खोपोली जवळजवळ पायांखालीं दिसते. पण आगगाडीनें तेथें पोंचावयाचें तर पळसदरी ओलांडून थेट कर्जतपर्यंत उतरावें लागतें. तेथें गाडी बदलावी, पळसदरीपर्यंत आल्या वाटेनें मागें फिरावें, आणि मग केळवली, डोळवली, लौजी अशीं लहान लहान स्थानकें घेत त्या दिसलेल्या गांवीं जावें. कर्जतच्या फलाटावर वडा खाणें हा या मार्गावरचा जुना कुळाचार. तो आम्हीं पाळला. पुढची लोकल अर्धीअधिक रिकामी होती. दोन्ही बाजूंस भातखाचरें. हळवें भात कापून झालें होतें आणि त्याच्या पेंढ्या बांधावर पडल्या होत्या. गरवें अद्याप हिरवेंपिवळें उभें होतें. सौभाग्यवती खिडकीशीं बसून हें सारें, नवीन घर पाहावयास आलेली बाई जशी कोनाडे पाहते, तसें पाहत होत्या.

या शाखेला आज कोणी विचारीत नाहीं, पण वडिलकीचा मान तिचा आहे. १८५३ मध्यें ठाण्यास व १८५४ मध्यें कल्याणास आलेली आगगाडी १८५६ च्या मे महिन्यांत खोपोलीस पोंचली आणि समोर सह्याद्रि पाहून थांबली. वरच्या अंगाला खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा रूळ १८५८ त तयार झाला. मधला घाट तेवढा उरला. पुढें पांच वर्षें पुण्यामुंबईच्या प्रत्येक उतारूस खोपोलीस उतरावेंच लागे. तेथून पालखी, तट्टू नाहीं तर बैलगाडी करून, माल्कम साहेबाच्या कारकीर्दींत १८३० त खुल्या झालेल्या रस्त्यानें खंडाळा गांठावा आणि पुन्हां गाडींत बसावें. लाटसाहेबांपासून कारकुनांपर्यंत त्या काळचे सारे प्रवासी या गांवांत तट्टूवाल्याशीं घासाघीस करीत उभे राहिले असतील. १८६३ त घाटांतला लोहमार्ग पुरा झाला, पण तो खोपोलीहून वर चढला नाहीं, पळसदरीहूनच फुटला. मुक्कामाचें गांव शाखेचें टोंक होऊन बसलें. मोटारींचा रस्ता गांवावरून होता तोंवर तरी वर्दळ होती. २००२ मध्यें द्रुतगति महामार्ग पुरा झाला आणि ती वर्दळही बगल देऊन निघून गेली.

आम्हीं जन्मभर विद्यार्थ्यांस वर्डस्वर्थ शिकविला. इंग्लंडांतील तळ्यांचा तो मुलूख मात्र पाहण्याचा योग आला नाहीं. त्या मुलुखांत आगगाडी येऊं नये म्हणून या कवीनें म्हातारपणीं, १८४४ सालीं, वर्तमानपत्रांतून वाद घातला होता. गाडी आली कीं गिरणगांवांतली गर्दी येईल आणि तळ्यांचें एकांत जाईल, असें त्याचें म्हणणें. १८४७ त गाडी विंडरमिअरला आलीच. गर्दीही आली, आणि आज तेथील बाजारपेठा बऱ्याच अंशीं त्या गर्दीवर पोसतात. खोपोलीस गाडी आली, गर्दी आली, आणि दोघी पुढें निघून गेल्या. कवीला जें भांडून मिळालें नाहीं तें या गांवाला न मागतां मिळालें. अर्थात् एकांत हा शब्द येथें बेतानें घ्यावयाचा. बाजारांत रिक्षा आहेत, कारखान्यांचे ट्रक आहेत, ध्वनिक्षेपक तर आहेतच. परंतु यांतलें कांहींही पाहुण्यासाठीं चाललेलें नाहीं, आणि हा मोठाच विसांवा आहे.

गांवांतलें तळें आणि त्याच्या कांठचें वीरेश्वराचें देऊळ हीं दोन्ही नाना फडणविसांचीं. पेशवाईच्या मुत्सद्द्यानें घाटाच्या पायथ्याशीं पाणी कां अडवावें हें बोरघाट पायीं चढलेल्या माणसास सांगावें लागत नाहीं. तांडेवाले, हमाल, पालखीचे भोई, बैल, सर्वांना चढणीपूर्वीं पाण्याची गरज असते, आणि चढणाऱ्याला देवाचीही असते. नाना १८०० च्या मार्चांत वारले. त्याआधीं तीनच महिने वर्डस्वर्थ बहिणीसह ग्रासमिअरच्या तळ्याकांठीं बिऱ्हाड करून राहिला होता. तारखांची ही जुळणी आम्ही मोठ्या हौसेनें सांगूं लागलों, तों सौभाग्यवतींनीं मध्येंच विचारलें, “नानांचीं लग्नें किती झालीं हो?”

“नऊ.”

“नवांतल्या कितीजणींनीं हें तळें पाहिलें असेल?”

बखरकारांना हा प्रश्न कधीं सुचलेला नाहीं. शेवटच्या जिऊबाई तर नाना गेले तेव्हां दहाच्या आंतबाहेरच्या मुलगी होत्या. सौभाग्यवती तळ्याच्या पायरीवर बसल्या, चपला काढून पाय पाण्यांत सोडले, आणि “मीं तर पाहिलें,” एवढेंच म्हणाल्या.

रात्रीं कोजागरी. गांवांतल्या एका दुकानांतून आटीव दूध आणून आम्ही तळ्याकांठीं बसलों. चंद्र लौकर दिसेना. पुण्यास गच्चीवर संध्याकाळींच पूर्ण चंद्र हजर होतो. येथें पूर्वेला सह्याद्रीची भिंत, ती चढून येईपर्यंत त्याला वेळ लागतो. आभाळ उजळलेलें, डोंगराची कड रुपेरी, आणि तळ्यांत मात्र काळोख. त्या काळोखांत सौभाग्यवतींनीं पिशवींतून एक डबी काढली. आश्विनी पौर्णिमेस ज्येष्ठ अपत्याला ओवाळण्याची आमच्याकडे रीत आहे. गेलीं आठ वर्षें हें ओवाळणें मोबाइलाच्या पडद्यावर होतें. तिकडे सकाळ असते; चिरंजीव कचेरीच्या कोपऱ्यांत उभे राहून हात लांब करून आपला चेहरा दाखवितात, इकडे आई पडद्याभोंवतीं निरांजन फिरविते. या वर्षीं वाऱ्यानें ज्योत दोनदां विझली. तिसऱ्यानें आम्हीं दोन्ही तळहातांचा आडोसा केला. ओवाळून झाल्यावर चिरंजीव म्हणाले, “आई, पुढच्या वर्षीं इकडेच ओवाळ. मग काय ठरलें तुमचें?”

“चंद्र वर आला नाहीं अजून,” त्या म्हणाल्या. “आल्यावर सांगतें.”

चंद्र वर आला तो एकदम आला, आणि तळें भरून गेलें. समोर बोरघाटाचा काळा उभार. तो पाहून आम्हांस एक गोष्ट आठवली, ती आम्हीं त्यांना सांगितली. घाटांतल्या लोहमार्गाचें काम एका कंत्राटदाराच्या हातून सुटलें, तेव्हां सालोमन ट्रेडवेल नांवाच्या इंग्रजानें तें उचललें. १८५९ च्या शरदांत तो पत्नीसह येथें आला आणि कांहीं आठवड्यांतच मरण पावला. त्याची विधवा ॲलिस हिनें पुढच्या आगबोटीनें परत जावें हेंच रीतीचें झालें असतें. तिनें कंत्राट सोडलें नाहीं. दोन इंजिनियर हाताशीं घेऊन तिनें काम पुढें चालविलें. पंचवीस बोगदे, एका वेळीं चाळीस हजारांवर मजूर. पटकीनें आणि तापानें हजारों मेले. त्यांच्यांत दगड फोडणारीं नवराबायकोचीं जोडपीं किती असतील, आणि त्यांतल्या एकट्या उरलेल्यांनीं काय केलें, हें लिहून ठेवावयास कोणी नव्हतें. १८६३ त गाडी घाट चढली.

“चार वर्षें एकटी राहिली?” सौभाग्यवतींनीं विचारलें.

“एकटी कशी? चाळीस हजार माणसें होतीं.”

“तें नव्हे हो. संध्याकाळीं बोलायला कोण होतें?”

मग थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, “मला तिकडे जायचें म्हटलें कीं तेंच दिसतें. मुलगा आणि सून कामावर. तुम्ही पुस्तकांत. खिडकीबाहेर बर्फ. दादरला आई चौऱ्यांशींची झाली आहे. मी आलें कीं तिला दारावरच्या बोटानें कळतें, घंटा वाजवावी लागत नाहीं. तिला सोडून मी बर्फ बघत बसूं?”

आमचा कल जाण्याकडे होता हें येथें सांगितलें पाहिजे. वर्ग सुटले म्हणजे आमच्यापाशीं काय उरणार, हा प्रश्न आम्हांस कांहीं दिवस छळीत होता; मुलाच्या घरीं निदान मुलगा तरी असेल. गुडघे कुरकुरूं लागले आहेत, इमारतीला उद्वाहक नाहीं, रात्रीं-अपरात्रीं कांहीं झालें तर हांक कोणाला मारावयाची? हें सर्व आम्हीं मांडलें. मांडतांना ‘आम्हांला असें वाटतें’, ‘आमचें मत असें’ हें वळण आपोआप आलें असावें, कारण सौभाग्यवती हंसल्या.

“तुम्ही लेखांतून ‘आम्ही’, ‘आम्ही’ लिहितां ना, त्यांत मी असतें कीं नसतें?”

आम्हीं समजावून दिलें कीं, ही लेखकांची जुनी वहिवाट आहे. रूप अनेकवचनी असलें तरी अर्थ एकवचनी घ्यावयाचा.

“तें मासिकांत चालूं द्या. मुलाला उत्तर जायचें तें कोणत्या ‘आम्ही’चें?”

त्यानंतर मध्यरात्र उलटेपर्यंत आम्ही बोलत बसलों. महिनाभर न झालेलें आणि कदाचित् तीस वर्षें राहून गेलेलें पुष्कळसें बोलणें त्या रात्रीं झालें. तें सर्व येथें देण्याचें कारण नाहीं. ‘को जागर्ति’ म्हणत लक्ष्मी हिंडते म्हणतात. ती तळ्यावरून गेली असेल तर तिला दोघे जागे आढळले. निर्णय मात्र झाला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं रिक्षा करून महडच्या वरदविनायकास गेलों. अष्टविनायकांतलें हें देऊळ १७२५ मध्यें रामजी महादेव बिवलकरांनीं बांधलें, आणि १८९२ पासून तेथें नंदादीप अखंड जळत आहे. येथेंही मागें तळें आहे, आणि मूर्ति त्या तळ्यांतच सांपडली असें सांगतात. गर्दी होती, दर्शन घेऊन निघालों. वाटेंत पाताळगंगा लागली. घाटमाथ्यावरच्या तलावांचें पाणी नळांतून सुमारें १७०० फूट खालीं उतरतें, खोपोलीच्या टाटा वीजगृहांत राबतें, आणि मग या नदींत सोडून देतात. १९१५ पासून हा क्रम चालू आहे. मुंबईच्या गिरण्या ज्या पाण्यावर उजळल्या तें पाणी खालीं धुणें धुवावयास मिळतें.

खालापूरच्या बाजूला हवा अगदीं स्वच्छ असल्यामुळें इर्शाळगडाचा सुळका स्पष्ट दिसत होता. रिक्षावाल्यानें तिकडे नुसता हात केला. सांगण्याची गरज नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं त्या गडाच्या पोटाशीं असलेली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखालीं गेली. सत्तावीस प्रेतें हातीं आलीं. सत्तावन्न माणसें सांपडलीं नाहींत, आणि पुढें शोध थांबवावा लागला. वांचले त्यांचें बिऱ्हाड सरकारनें खालीं चौकजवळ हलविलें. बराच वेळ आम्ही दोघेही गप्प होतों. मग सौभाग्यवती म्हणाल्या, “घर सोडायचें कीं राहायचें, हें त्यांना कोणीं विचारलें नाहीं. आपल्याला विचारणारा आहे. त्याच्यावर रागवायचें नाहीं, काय ठरलें तरी.” आम्हीं मान डोलावली. या बाबतींत रागाचा धनी होण्याची चिरंजिवांपेक्षां आमचीच शक्यता अधिक होती, पण तें बोलून दाखविलें नाहीं.

परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून बाजारांत गेलों. गांवाची परीक्षा त्याच्या बाजारांत होते असें आमचें मत आहे. खोपोलीचा बाजार कोणाला कांहीं स्मरणचिन्ह विकावयास बसलेला नाहीं. सुकट, जवळा, बोंबील; पेणहून आलेले पोहे आणि पापड; कोयत्या, विळे, दोरखंडें; दिवाळीच्या पणत्या; आणि रस्त्याच्या कडेला फडक्यावर करांदे मांडून बसलेल्या ठाकरणी. घाटावरच्या माणसाला करांदे ओळखूं येत नाहींत. सौभाग्यवतींनीं ते कसे उकडावयाचे, राख कां घालावयाची, कडूपणा कसा काढावयाचा, हें एका ठाकर बाईजवळ बसून विचारून घेतलें. ती बाई प्रथम त्रोटक बोलत होती. मग मुलें किती, येथपर्यंत बोलणें गेलें. “एकच? लांब हाय?” “लांब आहे.” “माझाबी लांबच हाय, पनवेलला,” ती म्हणाली. दोघी एकदम हंसल्या. अंतर मोजण्याची ही रीत आमच्या भूगोलाच्या पुस्तकांत नव्हती.

पुढें एका वाण्याच्या दुकानीं त्या थांबल्या. दारांतच नव्या तांदळाची रास होती. कर्जतला कोंकण कृषि विद्यापीठाचें भातसंशोधन केंद्र आहे. तेथें निपजलेली ‘कर्जत ३’ ही हळवी जात या भागांत पुष्कळ लावतात, आणि दसऱ्यामागून तिचा तांदूळ बाजारांत येऊं लागतो. सौभाग्यवतींनीं मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली, दोनचार दांतांखालीं फोडले.

“बाई, नवा आहे,” वाणी प्रामाणिकपणें म्हणाला. “गिच्च होईल. आज शिजवायला हवा तर जुना देतों.”

“आज शिजवायचा नाहीं. मुरवायचा आहे.”

“मग बोरिक लावून डब्यांत भरा. पुढच्या कोजागरीला काढा. शीत न् शीत मोकळें होईल. किती देऊं?”

“दहा किलो.”

त्या हें आमच्याकडे न पाहतां म्हणाल्या. वाण्यानें ताजव्यांत वजन टाकलें आणि रास उपसूं लागला. आम्हीं क्षणभर त्या राशीकडे पाहिलें, आणि त्याला म्हटलें, “आणखी पांच घाला.”

पिशवी जड झाली. तिचा एक बंद त्यांनीं धरला, एक आम्हीं. कर्जतला गाडी बदलावयाची होती.